अनुज्ञप्तीचे चुकीचे निलंबन : कायदा, कार्यपद्धती आणि दुरुस्ती

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुके. एकेकाळी भातशेती आणि रानातील उत्पन्न यांवर येथील बहुतेकांचा चरितार्थ चाले. रेल्वे, कारखानदारी आणि महामार्ग यांनी हे चित्र पालटले. आज नेरळ स्थानकापासून दस्तुरी नाक्यापर्यंत माथेरानचे प्रवासी नेणारा टॅक्सीचालक, कर्जतहून कडाव-कशेळे बाजूस फेऱ्या करणारा रिक्षाचालक, खोपोली आणि रसायनी येथील कारखान्यांचा माल वाहणारा ट्रकचालक, पहाटे भाजीपाला घेऊन निघणारा टेम्पोचालक अशा कितीतरी कुटुंबांची चूल एका लहानशा कार्डाच्या आधारावर पेटते. बोलीत त्यास ‘लायसन’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत ती वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती होय.

ही अनुज्ञप्ती काही काळापुरती काढून घेण्याचा अधिकार शासनयंत्रणेस आहे आणि तो असणे आवश्यकही आहे. परंतु क्रमांकातील एखादा अंक चुकल्याने, नावातील साम्याने किंवा नोंद वेळेवर न बदलल्याने हा अधिकार भलत्याच माणसावर चालला, तर त्याची रोजची कमाई त्याच दिवशी थांबते. वाहनाच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशी चूक बहुधा द्वेषबुद्धीने होत नाही. ती कागदावर होते आणि कागदावरच दुरुस्त व्हावी लागते. ती कशी ओळखावी, कोणाकडे मांडावी आणि किती मुदतीत मांडावी, याचा विचार या लेखात केला आहे.

अधिकार कशासाठी?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९३९ चा अधिनियम लागू होता. अनुज्ञप्ती हा शासनाने विश्वासाने दिलेला अधिकार असून त्याचा वापर इतरांच्या जिवास धोकादायक ठरू लागल्यास तो रोखता आला पाहिजे, हे तत्त्व या कायद्यामागे आहे. घाटातील रहिवाशांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १५ एप्रिल २०२३ रोजी खोपोलीनजीक शिंग्रोबा मंदिराच्या परिसरात एक खासगी बस दरीत कोसळून १३ जणांना प्राण गमवावे लागले. अपघातांची कारणे अनेक असतात. परंतु अशा रस्त्यावर चालकाच्या योग्यतेबाबत ढिलाई परवडणारी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांना निर्देश दिले. वेगमर्यादा ओलांडणे, लाल दिवा तोडणे, क्षमतेपेक्षा अधिक माल भरणे, मालवाहू गाडीतून माणसे नेणे, मद्यपान करून अथवा भ्रमणध्वनीवर बोलत वाहन चालविणे, या कसुरींबद्दल अनुज्ञप्ती किमान तीन महिने निलंबित करावी, असा त्यांचा आशय होता. पुढे २०१९ च्या सुधारणेने ही कारवाई अधिक कडक केली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून स्वयंचलित कॅमेऱ्यांची यंत्रणाही कार्यान्वित झाली असून या मार्गाचा मोठा भाग खालापूर तालुक्यातून जातो. कारवायांची संख्या वाढली की त्यांतील चुकांची शक्यताही वाढते. यास्तव कारवाई जितकी कडक, तितकी दुरुस्तीची वाट मोकळी असणे अगत्याचे ठरते.

एक शब्द, तीन कागद

आपल्या बोलण्यात ‘परवाना’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. “माझा परवाना निलंबित झाला” असे रिक्षाचालक सांगतो, तेव्हा त्याच्या मनात तीनपैकी कोणताही कागद असू शकतो. पहिला कागद म्हणजे अनुज्ञप्ती. ती माणसाची असते आणि तिने त्यास वाहन चालविण्याचा अधिकार मिळतो. दुसरा कागद म्हणजे परवाना, ज्यास ग्रामीण भागातही सर्रास ‘परमिट’ म्हणतात. तो विशिष्ट वाहन भाड्याने चालविण्याचा असतो. तिसरा कागद म्हणजे वाहनाची नोंदणी, म्हणजेच ‘आरसी’.

या तिन्हींचे निलंबन निरनिराळ्या कलमांखाली होते. अनुज्ञप्तीसाठी मुख्यतः कलम १९, परमिटसाठी कलम ८६ आणि नोंदणीसाठी कलम ५३. त्यांचे अपीलही निरनिराळ्या ठिकाणी चालते. परमिट निलंबित झालेल्या माणसाने अनुज्ञप्तीबाबत अर्ज केला, तर त्याचा अर्ज योग्य असूनही निष्फळ ठरतो आणि मुदत निघून जाते. म्हणून हाती पडलेल्या आदेशात प्रथम कलमाचा आकडा शोधावा. दुरुस्तीची पहिली पायरी तीच होय.

याखेरीज एक चौथी शक्यता असते. अनुज्ञप्ती निलंबित नसून केवळ तिची मुदत संपलेली असते. परिवहन संवर्गातील वाहन चालविण्याच्या अनुज्ञप्तीचे नूतनीकरण आता पाच वर्षांसाठी होते. मुदत उलटल्याचे नाक्यावर कळल्यावर “लायसन बंद केले” असा समज होतो. येथे अपील करावयाचे नसते, नूतनीकरण करावयाचे असते.

निर्णय कोणी घ्यावयाचा?

कलम १९ प्रमाणे अनुज्ञप्तिधारकास ठरावीक मुदतीसाठी अनर्ह ठरविण्याचा किंवा त्याची अनुज्ञप्ती रद्द करण्याचा अधिकार अनुज्ञापन प्राधिकाऱ्याचा, म्हणजे परिवहन कार्यालयातील सक्षम अधिकाऱ्याचा आहे. यासाठी दोन अटी आहेत. धारकास आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि निर्णयाची कारणे लेखी नमूद केली पाहिजेत. न्यायालयासही स्वतंत्रपणे अनर्हतेचा आदेश देता येतो. तो कलम २० चा विषय आहे.

पोलिसांचे काम निराळे आहे. कलम २०६ अन्वये ते विशिष्ट परिस्थितीत अनुज्ञप्ती ताब्यात घेऊ शकतात. २०१९ मध्ये या कलमास जोडलेल्या पोटकलम (४) नुसार अतिवेग, धोकादायक रीतीने वाहन चालविणे, मद्यपान, शिरस्त्राण न वापरणे इत्यादी अपराधांत पोलीस अधिकाऱ्याने अनुज्ञप्ती ताब्यात घेऊन ती पुढील कार्यवाहीसाठी अनुज्ञापन प्राधिकाऱ्याकडे पाठवावयाची असते. तो पाठवितो, निर्णय घेत नाही. २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. वाहतूक पोलीस अधिकाऱ्याने अतिवेगाबद्दल एका अनुज्ञप्तीचे ९० दिवसांसाठी निलंबन केले होते. निलंबनाचा अधिकार अनुज्ञापन प्राधिकाऱ्याचा असून पोलिसांचा नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. हा निर्णय दुसऱ्या राज्यातील असला तरी कायदा केंद्राचा आणि कलम तेच असल्याने त्यातील विवेचन आपणांस मार्गदर्शक आहे.

पोलिसांनी दिलेल्या पोचपावतीविषयीही नीट समज असावी. कलम २०६ च्या पोटकलम (२) खाली अनुज्ञप्ती घेतली असल्यास त्या पावतीवर नमूद दिनांकापर्यंत वाहन चालविता येते. पोटकलम (४) खाली घेतली असल्यास मात्र ती परत मिळेपर्यंत वाहन चालविता येत नाही. दोन्ही पावत्या दिसावयास सारख्याच असल्या तरी त्यांचे परिणाम अगदी भिन्न आहेत.

प्रकरण प्राधिकाऱ्याकडे आल्यावर पुढे काय होते? कलम १९ च्या पोटकलम (१अ) नुसार धारकाचे म्हणणे ऐकून त्यास दोषमुक्त करता येते, अथवा कारणे नोंदवून पहिल्या अपराधाबद्दल तीन महिन्यांसाठी अनर्ह ठरविता येते. दुसऱ्या वा त्यानंतरच्या अपराधाबद्दल अनुज्ञप्ती रद्द होऊ शकते. ‘दोषमुक्त करता येते’ हे शब्द येथे फार मोलाचे आहेत. सुनावणी हा केवळ उपचार नसून चूक सापडण्याचे ते कायद्याने नेमून दिलेले ठिकाण आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेनका गांधी यांच्या पारपत्राच्या प्रकरणात हेच तत्त्व ठसविले होते. शासनाने दिलेला दस्तऐवज काढून घेताना संबंधितास ऐकून घेतले पाहिजे. पारपत्राबाबत जे खरे, ते ज्या कार्डावर कुटुंबाची भाकरी अवलंबून आहे त्याबाबत अधिकच खरे आहे.

चूक कोठे शिरते?

चुकीच्या निलंबनाची कारणे साधारणतः पुढील प्रकारची असतात.

(१) ओळखीची चूक : अनुज्ञप्तीच्या क्रमांकात राज्याची अक्षरे, कार्यालयाचा दोन अंकी संकेतांक, चार अंकी वर्ष आणि त्यापुढे सात अंक असतात. त्यांतील दोन अंकांची अदलाबदल झाली की आदेश दुसऱ्याच माणसावर जातो. एकाच गावात एकच नाव-आडनाव असलेले दोन-तीन चालक असणे आपल्याकडे नवे नाही.

(२) मालक आणि चालक यांतील गल्लत : कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो; चालकाची अनुज्ञप्ती टिपत नाही. गाडी मालकाच्या नावे असते आणि चालवीत असतो पुतण्या किंवा पगारी चालक. अशा वेळी वाहन कोण चालवीत होते याची माहिती देणे हे कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. ती न दिल्यास दोष मालकाच्या माथी येण्याचा संभव असतो.

(३) बनावट क्रमांकाची पाटी : दुसऱ्याच वाहनावर आपला क्रमांक लावलेला असल्यास कसूर त्याची आणि सूचना आपल्या घरी, असा प्रकार होतो. छायाचित्रातील वाहनाचा रंग, प्रकार आणि खुणा पाहिल्यास हे बहुधा लक्षात येते.

(४) पत्त्याची चूक : सूचना जुन्या पत्त्यावर जाते. भाड्याची खोली बदललेली असते किंवा वाडीवरील टपाल कोणा शेजाऱ्याकडे पडून राहते. चालक सुनावणीस येत नाही आणि त्याच्या अनुपस्थितीत निर्णय होतो.

(५) कलमाची चूक : कलम २१ हे धोकादायक रीतीने वाहन चालविल्याबद्दल कलम १८४ खाली पूर्वी शिक्षा झालेल्या माणसासाठी आहे. त्याच्या तशाच चालविण्याने कोणाचा मृत्यू वा गंभीर दुखापत झाल्याचा गुन्हा पुन्हा नोंदला गेल्यास, गुन्हा नोंदल्यापासून सहा महिने अनुज्ञप्ती निलंबित राहते. पूर्वी शिक्षाच झालेली नसेल तर हे कलम लागू होत नाही. सहा महिन्यांच्या आत चालक निर्दोष सुटल्यास निलंबन त्या दिवसापुरतेच राहते.

(६) नोंद न उठणे : निलंबनाची मुदत संपली, किंवा आदेश रद्द झाला, तरी संगणकावरील नोंद तशीच राहते. खिशातील कार्ड खरे असूनही नाक्यावरील यंत्र ‘निलंबित’ असेच दाखविते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१९ च्या सुधारणेनुसार निलंबनाची मुदत संपल्यावर अनुज्ञप्ती परत मिळण्यासाठी चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण केलेले असले पाहिजे. ते केले नसल्यास नोंद न उठणे ही कार्यालयाची चूक म्हणता येणार नाही.

कर्जत-खालापूरच्या संदर्भात आणखी एक मुद्दा आहे. पूर्वी संपूर्ण जिल्ह्याचे काम पेण येथील कार्यालयाकडे होते व त्याचा संकेतांक ०६ आहे. पुढे पनवेल येथे ४६ या संकेतांकाचे कार्यालय झाले आणि पनवेल, उरण, कर्जत व खालापूर हे तालुके त्याच्याकडे आले. अनेक जुन्या चालकांच्या अनुज्ञप्तीवर अजूनही ०६ हाच संकेतांक आहे आणि नूतनीकरणानंतरही क्रमांक तोच राहतो. त्यामुळे अर्ज घेऊन पेणला जावे की पनवेलला, असा संभ्रम होतो. आदेश ज्या कार्यालयाने काढला असेल, अर्ज त्याच कार्यालयाकडे जावा. क्रमांकातील संकेतांक पाहून ते ठरवू नये.

एक कल्पित उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, कशेळे परिसरातील एक टेम्पोचालक भाजीपाला घेऊन कल्याणच्या बाजारास निघाला आहे. वाटेत तपासणीत त्याची अनुज्ञप्ती निलंबित असल्याचे यंत्र दाखविते. त्याने कधी कसूर केलेली नाही आणि त्यास कोणतीही सूचना मिळालेली नाही. अशा वेळी त्याने काय करावे?

प्रथम, रस्त्यावर वाद घालू नये. तपासणाऱ्या अधिकाऱ्यास दिसते ती नोंद त्याने केलेली नसते. वाहन दुसऱ्या अनुज्ञप्तिधारक चालकाच्या स्वाधीन करावे. दुसरे म्हणजे त्याच दिवशी ‘सारथी’ या परिवहन विभागाच्या संगणकीय सेवेवर अनुज्ञप्ती क्रमांक व जन्मदिनांक देऊन स्थिती पाहावी आणि तिची छापील प्रत घ्यावी. तिसरे म्हणजे आदेशाची प्रत मागावी. आदेश न पाहता केलेला अर्ज अंधारात मारलेल्या दगडासारखा असतो.

प्रत हाती आल्यावर चार गोष्टी स्वतःच्या अनुज्ञप्तीशी ताडून पाहाव्यात. क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि जन्मदिनांक. समजा, आमच्या चालकास असे दिसले की आदेशातील नाव त्याचे नाही. मूळ कसूरदाराच्या क्रमांकातील शेवटचे दोन अंक उलटे लिहिले गेल्याने नोंद त्याच्या खात्यावर पडली आहे. हा निव्वळ लेखनप्रमाद आहे. येथे अनुज्ञापन प्राधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करणे हा सर्वांत जवळचा मार्ग होय. परंतु आदेश त्याच्याच नावाने असेल आणि कारण खोटे वा चुकीचे असेल, तर केवळ दुरुस्तीचा अर्ज पुरत नाही. त्यासाठी अपील करावे लागते.

अपील आणि तीस दिवसांची मुदत

कलम १९ च्या पोटकलम (३) प्रमाणे आदेशाने बाधित झालेल्या व्यक्तीस आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत विहित प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. अपील प्राधिकारी दोन्ही बाजूंस ऐकून निर्णय देतो आणि तो निर्णय अंतिम असतो. अपील कोणाकडे करावयाचे, हे आदेशात लिहिलेले नसल्यास कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

मुदत आदेशाच्या दिनांकापासून नव्हे, तर तो मिळाल्यापासून मोजली जाते. आदेश ३ जूनचा असेल आणि टपालाने २१ जून रोजी मिळाला असेल, तर तीस दिवस २१ जुलैपर्यंत होतात. हे सिद्ध करावयाचे तर टपालाचे पाकीट जपून ठेवले पाहिजे. पाकिटावरील शिक्का हा येथे पुरावा असतो. आपल्याकडे पत्र वाचून पाकीट टाकून देण्याची सवय आहे. ती या बाबतीत महागात पडते.

कागदपत्रे मिळविण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. सूचना पाठविल्याची नोंद, पोलिसांचा अहवाल, कॅमेऱ्याचे छायाचित्र, सुनावणीचा कार्यवृत्तान्त यांच्या प्रती मागाव्यात. तथापि या अर्जाच्या उत्तराची मुदतही सर्वसाधारणपणे तीस दिवसांचीच आहे. उत्तराची वाट पाहत बसल्यास अपिलाची मुदत निघून जाईल. म्हणून हाती असलेल्या कागदांवर अपील दाखल करावे आणि उरलेले कागद मिळताच जोडावेत.

कॅमेऱ्याच्या आधारे झालेल्या कारवाईत छायाचित्र, दिनांक, वेळ, ठिकाण आणि भंग झालेली तरतूद पाहावी. त्या दिवशी आपण व आपले वाहन अन्यत्र असल्याचा पुरावा जोडावा. कारखान्याच्या फाटकावरील नोंद, पथकराची पावती, गॅरेजचे बिल, हजेरीपट, असे साधे कागदही उपयोगी पडतात. बनावट पाटीचा संशय असल्यास पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करून तिची प्रत जोडावी. नियम वेळोवेळी सुधारले जातात. म्हणून घटनेच्या दिनांकास कोणती तरतूद लागू होती, हे तपासून पाहावे.

हलक्या वाहनांच्या चालकांसाठी एक खुलासा उपयुक्त ठरेल. ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वा प्रवासी वाहन चालविण्यास हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती पुरेशी असून त्यासाठी परिवहन वाहनाची निराळी नोंद आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ते कायम केले. लहान टेम्पोच्या चालकावर केवळ ही नोंद नाही म्हणून ठपका आला असेल, तर अपिलात या निर्णयाचा उल्लेख करावा.

अपिलाचा मार्ग संपल्यावर किंवा आदेशच अधिकार नसलेल्या व्यक्तीने काढला असल्यास, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. तथापि कायद्याने दिलेले अपील आधी करावे, अशीच न्यायालयांची सर्वसाधारण अपेक्षा असते.

निर्णय होईपर्यंत वाहन चालवू नये

आदेश चुकीचा असला तरी तो रद्द होईपर्यंत किंवा त्यास स्थगिती मिळेपर्यंत अस्तित्वात असतो. अपील दाखल केले म्हणजे आदेश थांबला, असे नाही. त्यासाठी अपिलासोबतच स्थगितीचा निराळा विनंती अर्ज द्यावा आणि आपला चरितार्थ वाहन चालविण्यावरच अवलंबून असल्याचे त्यात स्पष्ट लिहावे.

अनर्ह असताना वाहन चालविणे हा कलम १८२ खाली स्वतंत्र अपराध आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जो माणूस मुळात निर्दोष होता, तो उतावीळपणामुळे खरोखरच दोषी ठरतो. याहून गंभीर परिणाम विम्याचा आहे. अनर्हतेच्या काळात अपघात घडल्यास विमा कंपनीस आपली जबाबदारी नाकारण्याचा बचाव मिळू शकतो आणि नुकसानभरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. चार दिवसांची मजुरी वाचविण्यासाठी घर-जमीन पणाला लावणे शहाणपणाचे नव्हे.

अर्जाचा नमुना

अर्ज लहान, मुद्देसूद आणि मराठीत असावा. त्यात क्षोभ नसावा, दिनांक असावेत. पुढील नमुना उपयोगी पडेल.

प्रति,
अनुज्ञापन प्राधिकारी,
(कार्यालयाचे नाव व ठिकाण)

विषय : अनुज्ञप्ती क्रमांक ........ वरील निलंबनाची चुकीची नोंद दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : आदेश क्रमांक ........, दिनांक ........

महोदय,

मी ........, राहणार ........, तालुका ........, वरील अनुज्ञप्तीचा धारक आहे. दिनांक ........ रोजी तपासणीच्या वेळी माझी अनुज्ञप्ती निलंबित असल्याचे मला प्रथम समजले. सदर आदेशाची प्रत मला दिनांक ........ रोजी मिळाली. आदेशातील (क्रमांक / नाव / वडिलांचे नाव / जन्मदिनांक) माझ्या अनुज्ञप्तीशी जुळत नाही. दोन्हींतील फरक सोबतच्या तक्त्यात दाखविला आहे. सुनावणीची कोणतीही सूचना मला मिळालेली नाही.

सबब, मूळ अभिलेख तपासून ही नोंद रद्द करावी, तसे लेखी कळवावे आणि संगणकीय नोंदही दुरुस्त करावी, ही विनंती. निर्णयापूर्वी माझे म्हणणे प्रत्यक्ष ऐकून घ्यावे. माझा अपिलाचा हक्क अबाधित ठेवून हा अर्ज करीत आहे.

सोबत : (१) अनुज्ञप्तीची प्रत, (२) ओळख व पत्त्याचा पुरावा, (३) आदेश व टपालाचे पाकीट यांच्या प्रती, (४) फरकाचा तक्ता.

आपला विश्वासू,
(स्वाक्षरी व दिनांक)

अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का व दिनांक घ्यावा. टपालाने पाठविल्यास पोचपावतीसह पाठवावा. तोंडी आश्वासन कितीही सद्भावनेने दिलेले असले तरी ते अभिलेखावर येत नाही. काम झाल्यावर ‘सारथी’वरील स्थिती पुन्हा पाहावी. लेखी आदेश आणि संगणकीय नोंद, दोन्ही दुरुस्त झाल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

गावातील जाणत्यांचे काम

वाडीवरील तरुण चालकास कलम आणि पोटकलम यांची भाषा परकी वाटते. तो घाबरतो किंवा दलालाच्या हाती सापडतो. येथे शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना मोठे काम करता येण्यासारखे आहे. आदेश वाचून दाखविणे, त्यातील कलम व दिनांक शोधणे, अर्ज लिहून देणे, एकाच नावाच्या दोन व्यक्ती गावात असल्यास रहिवासाबाबत ग्रामपंचायतीचा दाखला मिळवून देणे, ही कामे खर्चाची नाहीत. ग्रामपंचायतीकडे येणारे सरकारी टपाल त्याच दिवशी संबंधितास पोचविण्याची व्यवस्था केली आणि पोचविल्याचा दिनांक वहीत लिहिला, तर पुढचे अनेक प्रश्न उद्भवणारच नाहीत. घर बदललेल्या चालकांना अनुज्ञप्तीवरील पत्ता बदलून घेण्यास सांगणे, हीदेखील एक सेवाच होय.

वकिलाची गरज भासल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चा आधार आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाखालील नागरिक यांना विनामूल्य विधी साहाय्य मिळू शकते. कर्जत आणि खालापूर या भागांतील ठाकूर व कातकरी समाजांतील चालकांना उत्पन्नाची अट न लागता हा लाभ मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करावा.

अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावयाचे

निलंबनाचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दिवसाकाठी अनेक प्रकरणे असतात, हे खरे. तथापि प्रत्येक प्रकरणात काही क्षण देऊन क्रमांक, नाव, जन्मदिनांक आणि छायाचित्र ही चार चिन्हे ताडून पाहिली, तर बहुतेक चुका उंबरठ्यावरच अडतील. सूचना कोणत्या पत्त्यावर आणि कधी पोचली, याची नोंद धारिकेत असावी. आदेशात कलम, कारण, मुदत आणि अपिलाचे ठिकाण ही स्पष्ट लिहावीत. छापील नमुन्यात रिकाम्या जागा भरल्याने लेखी कारणे दिली, असे होत नाही.

अंक चुकल्याचे दिसून आल्यास तो दुरुस्त करण्यास संकोच बाळगू नये. लेखनप्रमादाची दुरुस्ती म्हणजे निर्णयाची माघार नव्हे. उलट, चुकीच्या माणसाची नोंद उठवून ती खऱ्या कसूरदाराच्या खात्यावर टाकली, तरच कायद्याचा हेतू साधतो. क्रमांक चुकला की एक निर्दोष माणूस घरी बसतो आणि ज्यास घाटात वाहन चालविण्यापासून रोखावयाचे होते, तो मोकळाच फिरतो. चुकीचे निलंबन ही म्हणून एका कुटुंबाची अडचण तर आहेच. पण ती रस्त्यावरील सर्वांच्या सुरक्षिततेतील उणीवही आहे. ती लवकर दूर करणे चालक, गावकरी आणि अधिकारी या तिघांच्याही हिताचे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अनुज्ञप्ती, परवाना आणि नोंदणी यांतील फरक आपल्या गावातील एका रिक्षाचे उदाहरण घेऊन सांगा.
२. पोलिसांनी अनुज्ञप्ती ताब्यात घेणे आणि प्राधिकाऱ्याने ती निलंबित करणे, यांत काय भेद आहे?
३. १० ऑगस्टचा आदेश २५ ऑगस्ट रोजी मिळाला, तर अपिलाचा शेवटचा दिवस कोणता? तो कोणत्या पुराव्याने सिद्ध कराल?
४. आपल्या ग्रामपंचायतीत सरकारी टपाल पोचविण्याची नोंद ठेवली जाते काय? नसल्यास ती कशी सुरू करता येईल?